नोंदवहीतला कोरा रविवार

रविवारी सकाळी अण्णांना पेपर मिळाला नाही. डोळ्यांच्या तपासणीसाठी ते वाईहून पुण्याला आमच्याकडे आले होते. मोतीबिंदू अजून पिकलेला नाही, जाड अक्षर वाचता येतं, आणि पेपराशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही.

"पेपर तुमची नात घेऊन गेली," मी म्हटलं. "दर रविवारी दहा वाजता ती मागच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमात जाते. तिथल्या एका आजींना दिसत नाही, त्यांना वाचून दाखवते. आश्रमातला पेपर दहा हातांतून फिरतो, म्हणून घरचा नेते."

अण्णांचा चेहरा उजळला. "हे कधी सुरू झालं? तिचं तिलाच सुचलं?"

इथे मला खरं सांगावं लागलं. आमच्या मुलीने शाळेतून एका पुरस्कारासाठी नाव नोंदवलं आहे. इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल. मूळचा ब्रिटनमधला ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार, तोच आपल्याकडे या नावाने चालतो. चौदा ते चोवीस वयाच्या कोणालाही घेता येतो. सेवा, कौशल्य, व्यायाम आणि साहसी प्रवास असे त्याचे चार भाग, आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पायऱ्या. वृद्धाश्रमातलं वाचन हा तिच्या कांस्यपदकाचा सेवाविभाग.

"म्हणजे बिल्ल्यासाठी जाते," अण्णा म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नाही. आवाज चढला असता तर मला उत्तर द्यायला सोपं गेलं असतं. अण्णा सेवा दलात वाढले, पुढे मुख्याध्यापक झाले, निवृत्त होईपर्यंत शाळेच्या आवारात स्वतः झाडू मारत राहिले. मी शाळेत शिकवते, आणि माझ्या शाळेत हाच उपक्रम गेली काही वर्षं मी बघते. आमचं या विषयावर कधीतरी वाजणारच होतं.

"१९७० च्या आसपास मी सोमनाथला गेलो होतो," ते म्हणाले. "बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी. चंद्रपूर जिल्हा, मे महिन्यातलं ऊन. सकाळी कुदळ आणि घमेलं, दुपारी चर्चा. परत आलो तेव्हा हाताला फोड होते आणि खिशात एकही कागद नव्हता. कोणी मोजलं नाही, किती घमेली टाकली ते. तुमच्या या योजनेत तास मोजतात ना?"

"मोजतात. आठवड्याला साधारण एक तास. कांस्यपदकासाठी प्रवास सोडून प्रत्येक भाग तीन महिने, त्यातला एक सहा महिने. मध्ये खंड पडला तर तेवढे आठवडे पुढे वाढतात."

"सेवेचा हजेरीपट."

"अण्णा, सोमनाथला तुम्ही गेलात तेव्हा किती वर्षांचे होता?"

"विशीचा असेन."

"आणि घरून निघताना मनात काही ठरलेलं होतं. तुमच्या आधी तुमचे मित्र जाऊन आले होते, शाखेत त्याची चर्चा झाली होती. तिथे पोचलेला प्रत्येक जण आधीच पेटलेला होता. माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. त्यांतल्या पस्तीस जणांना आपल्याला काय आवडतं हे सांगता येत नाही. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री मोबाइल. कोणी त्यांना विचारलेलंच नाही. या अर्जावर पहिला प्रश्न तो असतो. कोणती सेवा, कोणतं कौशल्य, कोणता व्यायाम, तुझं तू निवड. हा रकाना भरायला काही मुलांना तीन-तीन आठवडे लागतात. मला त्या तीन आठवड्यांचं मोल फार वाटतं."

अण्णांनी चष्मा पुसला. "निवडू दे की. निवडायला पदक कशाला?"

या प्रश्नावर मी वर्षानुवर्षं विचार केला आहे, आणि माझ्या विरोधातला सर्वांत भक्कम पुरावा मलाच ठाऊक आहे. तो मी त्यांना दिला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीतला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना स्केचपेननी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता नंतर अचानक दिलं, आणि काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात स्केचपेन तशीच समोर ठेवली, तेव्हा प्रशस्तिपत्राचं आमिष मिळालेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

"मग झालं तर," अण्णा म्हणाले. "हेच तर मी म्हणतोय. आणि प्रयोगाची गरज काय? तुमच्याकडे चित्रकलेच्या इंटरमीजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण वाढवून मिळतात. त्यानंतर किती मुलं ब्रश हातात धरतात, ते सांग."

मी सांगू शकले नाही, कारण उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ज्या दिवशी या पुरस्काराला दहावीत गुण मिळतील त्या दिवशी मी हे काम सोडेन, असं मी अण्णांना म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. आत्ताच काही पालक पहिल्या बैठकीत विचारतात, परदेशी प्रवेशाला याचा उपयोग होतो ना? अर्जात लिहिता येतं, एवढंच मी सांगते. पण त्या प्रश्नाने मला दरवेळी धसका बसतो.

तरी त्या बालवाडीतल्या मुलांचं एक वैशिष्ट्य विसरून चालत नाही. त्यांचा चित्रांवर आधीपासून जीव होता. बक्षिसाने तो जीव कमी केला. मी माझ्या मुलांना यावरून एक पथ्य घालून दिलं आहे. एका मुलाने कौशल्याच्या रकान्यात तबला लिहिला होता. सहा वर्षं शिकत होता, हात छान होता. मी त्याला म्हटलं, तबला इथे आणू नको. तो तुझा तुझ्यापाशी ठेव. जे कधी केलं नाहीस, ते लिही. त्याने स्वयंपाक लिहिला. पहिल्या महिन्यात त्याच्या आईचे दोन कुकर करपले. आता तो भाकरी थापतो, आणि ती फुगते.

"आणि पदक नसतं तर तो चुलीपाशी गेला असता?"

"नसता गेला, अण्णा. मुद्दा तोच आहे. चौदाव्या वर्षी मुलगा मित्रांना 'मी भाकरी शिकतोय' असं सांगू शकत नाही. 'अवॉर्डसाठी करतोय' असं सांगू शकतो. पदक त्याला आडोसा देतं. त्या आडोशाला उभं राहून नव्या गोष्टीत अनाडी असण्याची मुभा मिळते."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण हे इंग्रजी राजघराण्याचं खूळ तुम्हाला कशाला हवं होतं? आपल्याकडे स्काऊट होते. माझ्या शाळेत पथक होतं. 'खरी कमाई' करायची मुलं, कोणाचं अंगण सारव, कोणाची सायकल पूस."

स्काऊटही ब्रिटनमधूनच आले, १९०७ च्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरातून, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. भारतीय झालेल्या गोष्टीचं मूळगाव काढण्यात अर्थ नसतो. मी त्यांना दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. अण्णांना माणसांच्या गोष्टी पटतात.

कुर्ट हान हा जर्मन ज्यू शिक्षक. १९२० मध्ये त्याने झालेम इथे शाळा काढली. १९३२ मध्ये पोटेम्पा गावात नाझी गुंडांनी एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईदेखत ठार मारलं. खुन्यांना फाशीची शिक्षा झाली, तेव्हा हिटलरने त्यांना पाठिंब्याची तार केली. हानने आपल्या माजी विद्यार्थ्यांना पत्रं पाठवली, की झालेम आणि हिटलर यांतलं एक निवडा. १९३३ मध्ये त्याला अटक झाली. ब्रिटनमधून दबाव आला म्हणून सुटला आणि देश सोडून गेला. स्कॉटलंडमध्ये १९३४ मध्ये त्याने गॉर्डनस्टन शाळा सुरू केली. आजूबाजूच्या गावांतल्या मुलांनाही घेता यावा म्हणून १९३६ मध्ये 'मोरे बॅज' काढला. त्याच शाळेत शिकलेल्या फिलिपने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या राणीच्या नवऱ्याने, हानच्या आग्रहावरून १९५६ मध्ये या पुरस्काराची योजना सुरू केली. ती उभी करायला माणूस निवडला तो जॉन हंट. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता.

"पत्रं पाठवली," अण्णा म्हणाले. त्यांना तेवढंच लागलं होतं. "१९३२ साली. आणि नोकरी, शाळा, सगळं पणाला लावून." ते उठून खिडकीपाशी गेले. "हा माणूस बिल्ले कशाला वाटत बसला मग?"

"त्याला एक भीती होती. मुलांचं अंग आळसावत चाललंय, हाताचं कौशल्य जातंय, स्वतःहून काही करण्याची उमेद जातेय, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दुसऱ्याबद्दलची कणव आटतेय. शर्यतीतून हे परत येत नाही असं त्याला वाटे, कारण शर्यतीत एक जिंकतो आणि बाकीचे घरी जातात. म्हणून या पुरस्कारात पहिला नंबर नाहीच. आपली रेघ आपणच आखायची आणि ती ओलांडायची. माझ्या वर्गात एक मुलगी होती, धाप लागायची तिला. व्यायामात तिने पर्वती लिहिली. पहिल्या आठवड्यात १०३ पायऱ्यांवर तीनदा बसली. बाराव्या आठवड्यात न थांबता वर गेली. तिच्याच वर्गातला एक मुलगा जिल्ह्याचा धावपटू होता. दोघांचं पदक एकच. शाळेच्या क्रीडादिनात हे कधी घडतं का?"

"नाही घडत," अण्णांनी कबूल केलं. पन्नास क्रीडादिन त्यांनी पाहिले असतील. "लंगडीत आउट झालेली पोरं पुढचे दोन तास मैदानाच्या कडेला बसून असायची. मला ते कधी आवडलं नाही."

सुरुवातीला ही योजना १५ ते १८ वयाच्या मुलग्यांपुरतीच होती, हेही मी त्यांना सांगितलं. त्या काळी तिथली बहुतेक मुलं पंधराव्या वर्षी शाळा सोडत आणि अठराव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेत जात. मधल्या तीन वर्षांच्या पोकळीसाठी हा घाट होता. १९५८ मध्ये मुलींसाठी वेगळी योजना आली, तिच्यात घर नीट कसं लावावं असले विषय होते. दोन्ही एक झाल्या त्या १९६९ मध्ये.

"तीन वर्षांची पोकळी!" अण्णा म्हणाले. "आपल्याकडे त्याच वयात श्वास घ्यायला जागा नाही. नववी, दहावी, अकरावी, बारावी. तुम्ही त्यात आणखी चार रकाने घातलेत. आणि ज्यांना खरंच करायला लागतं त्यांचं काय? तुझ्याकडे स्वयंपाकाला येतात त्या ताईंची मुलगी पंधराची आहे. सकाळी पाणी भरते, धाकट्या दोघांना शाळेत सोडते, संध्याकाळी पोळ्या करते. सेवा झाली, कौशल्य झालं, व्यायाम झाला. तिला कोण पदक देतंय?"

याचं मला ओझं वाटतं, आणि ते मी लपवलं नाही. नोंदणीला पैसे लागतात, प्रवासाला बूट आणि पाठपिशवी लागते, आणि मी पाहिल्या त्या बहुतेक शाळा पैसेवाल्यांच्या होत्या. ब्रिटनमध्ये हाच पुरस्कार तुरुंगातल्या तरुणांपर्यंत नेला गेला आहे, म्हणजे करायचं मनात असलं तर कुठेही करता येतं. पण अण्णा म्हणाले त्यात माझ्या दृष्टीने एक फरक आहे. त्या मुलीकडे कष्ट आहेत, निवड नाही. तिला पोळ्यांचं पदक नको आहे. आठवड्यातला एक तास तिला तिच्या मर्जीचा हवा आहे. तो कोणी मिळवून देत असेल तर मी त्याच्या योजनेचं नावही विचारणार नाही.

"आता आजींचं सांग," अण्णा म्हणाले.

"कोणत्या?"

"ज्यांना ही पेपर वाचून दाखवते त्या. सहा महिने ही जाणार. मग पदक मिळणार. सातव्या महिन्यात त्या बाईंना पेपर कोण वाचून दाखवणार? आपल्या मुलांना मोठं करण्यासाठी आपण एका म्हातारीला सहा महिन्यांची सवय लावणार आणि मग काढून घेणार. तिच्या एकटेपणावर हिची वाढ. हे मला सहन होत नाही."

मी गॅस बारीक केला. चहा उकळून गेला होता. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या ज्या मुली अशाच एका ठिकाणी जात होत्या, त्यांतल्या दोघी अजून जातात. बाकीच्या थांबल्या. थांबताना नीट निरोप घेऊन या, पुढच्या मुलीची त्यांच्याशी ओळख करून देऊन या, एवढं मी त्यांना करायला लावलं. त्याने अण्णांचं समाधान झालं नाही, माझंही नाही. सेवा शिकवताना ज्याची सेवा होते त्याला पाटीसारखं वापरणं, हे या सगळ्यातलं खरं पाप आहे, आणि शिक्षकाने त्यावर सतत डोळा ठेवायला हवा.

अण्णांनी टेबलावरची नातीची नोंदवही उचलली. नोंदी आता ऑनलाइन होतात, पण तिच्या शाळेत वहीही ठेवायला लावतात. पेपर नव्हता, म्हणून त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली.

"मोडी?" ते थबकले.

"कौशल्याचा विभाग. तुमच्याकडून शिकते ना ती व्हिडिओ कॉलवर, शुक्रवारी."

"मला वाटायचं, आवडतं म्हणून."

"आवडतंही. पण सही तुम्हाला करता येत नाही. घरच्या माणसाची सही चालत नाही. मोडीच्या वर्गातल्या एका गुरुजींना ती महिन्यातून एकदा वाचून दाखवते, ते सही करतात."

मला वाटलं, ते दुखावतील. पण ते म्हणाले, "हा नियम चांगला आहे. मी काहीही चालवून घेतलं असतं." पानं उलटत ते एका जागी थांबले. तिथे तारखेपुढे सही नव्हती. त्यांनी मोठ्याने वाचलं, "गेले नाही. कंटाळा आला होता."

त्या रविवारी काय झालं होतं, ते मला आठवतं, कारण मी तेव्हा बरोबर वागले नव्हते. तो आठवडा भरून काढायचा तर शेवट चाचणी परीक्षेत जात होता. मी तिला म्हटलं होतं, दुसऱ्या दिवशी तू आजींना फोन केलास ना, त्याचीच नोंद कर, पंधरा मिनिटं बोललीस की. ती म्हणाली, फोन मी केला कारण मला वाईट वाटत होतं, तो तास नव्हता. आणि तिने ही दोन वाक्यं लिहून पुढे एक आठवडा वाढवून घेतला.

अण्णांनी ते पान बराच वेळ धरून ठेवलं. "राष्ट्रीय सेवा योजना निघाली १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीला," ते म्हणाले. "मी कॉलेजात होतो. पुढे मास्तर झालो तेव्हा धाकट्या भावांच्या डायऱ्या पाहिल्या. एकालाही कधी कंटाळा आलेला नव्हता."

मग मी त्यांना हरिश्चंद्रगडाबद्दल सांगितलं. साहसी प्रवासाचा विभाग म्हणजे चार ते सात मुलांचा गट, दोन दिवस, एक रात्र, वाहन नाही, स्वयंपाक आपला आपण, मोठी माणसं लांबून मागे. खिरेश्वरहून तोलारखिंड, तिथलं वाघाचं शिल्प, मग रेलिंगचा कातळ, आणि वर एकामागून एक टेकड्या, ज्यांत नवखा माणूस हमखास चुकतो. माझा गट चुकला. आम्ही दोघे शिक्षक कारवीच्या आडून पाहत होतो. हाक मारायची नाही, हे ठरलेलं. नकाशा धरलेला मुलगा एका बाजूला ओढत होता, दुसरा दुसऱ्या. मोबाइलला रेंज नाही. वर्गात वर्षभर जिने तोंड उघडलं नव्हतं ती मुलगी दगडावर बसली आणि म्हणाली, गुरांच्या शेणाचा वास येतोय, गुराखी येईल, थांबू. वीस मिनिटं कोणी आलं नाही. ती उठली नाही. मग गुराखी आला.

"शेतकऱ्याची पोर असेल," अण्णा म्हणाले.

"नाही. सुट्टीत आजोळी जाते, जुन्नरकडे. वर्गात हे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं."

सव्वाअकरा वाजले. दार वाजलं. लेक आत आली, पेपर आतल्या पानावर दुमडलेला होता. चप्पल न काढताच ती अण्णांपाशी जाऊन बसली.

"आजोबा, त्या आजींना आधी निधनवार्ता वाचायच्या असतात. नेहमीच. मग राशिभविष्य, मग बाकीचं." तिने पान उघडलं. "आज यात त्यांच्या मैत्रिणीचं नाव होतं. त्या रोज जिच्याबद्दल सांगतात ती. नाशिकची. मला कळेना, वाचू की पुढे जाऊ. त्यांना दिसत नाही, कळलं नसतं."

अण्णांनी विचारलं, "वाचलंस?"

"आधी पुढचं वाचलं. मग मागे आले आणि वाचलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, परत वाच. तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, वय चुकीचं छापलंय, ती माझ्याहून मोठी होती." तिने वही ओढली, पेन शोधलं. सेवेच्या रकान्यात तारीख घातली आणि थांबली. "इथे काय केलं ते लिहायचं असतं. काय लिहू?"

अण्णांनी पेपर हातात घेतला, दुमडलेलं पान डोळ्यांजवळ नेलं आणि ते नाव शोधू लागले.

"एक तास वाचन केलं, असं लिही," ते म्हणाले. "आणि पुढच्या रविवारी निघताना मला हाक मार. मला त्या आजींना विचारायचंय, मैत्रीण नेमकी किती वर्षांनी मोठी होती."